दुहेरी नोंदणी आणि शाळा सोडू पाहणारा विद्यार्थी : अमेरिकेतील एका प्रयोगाचा मागोवा

हायस्कुलात शिकत असलेल्या विद्यार्थ्याचे नाव त्याच वेळी महाविद्यालयाच्याही पटावर असावे आणि तेथे त्याने पुरा केलेला अभ्यास दोन्हीकडे जमेस धरला जावा, ह्या व्यवस्थेस अमेरिकेत दुहेरी नोंदणी असे म्हणतात. आज ती त्या देशात सर्वपरिचित झाली आहे. तथापि तिच्या इतिहासात दोन निरनिराळे प्रवाह येऊन मिळालेले आहेत, ही गोष्ट बहुधा नजरेआड होते. पहिला प्रवाह हुशार विद्यार्थ्याचा आहे. शाळेचा अभ्यासक्रम ज्याला अपुरा पडतो त्याच्यासाठी पुढचे दार लवकर उघडावे, हा त्यामागील विचार होय. दुसरा प्रवाह नेमका ह्याच्या उलट टोकाला उगम पावतो. जो शाळेत टिकत नाही, ज्याची गैरहजेरी वाढत जाते, जो दोन-तीन विषयांत नापास होऊन आज ना उद्या शाळेला रामराम ठोकणार हे शिक्षकांना दिसत असते, त्यालाच उचलून महाविद्यालयाच्या आवारात नेऊन बसवावे, असे हा दुसरा विचार सांगतो. पहिल्या विचाराला समर्थनाची गरज पडत नाही. दुसरा मात्र प्रथमदर्शनी विपरीतच वाटतो. ज्याला दहावीचे गणित पेलत नाही त्याच्या खांद्यावर त्याहून जड ओझे देण्यात कोणते शहाणपण, असा प्रश्न कोणीही विचारील. तो तसा विचारलाही गेला. त्याचे उत्तर कोणी, कोठे आणि कितपत दिले, हे पाहणे उद्बोधक आहे.

शाळा आणि महाविद्यालय ह्यांच्यामधील सीमारेषा अमेरिकेत कधीच फारशी पक्की नव्हती. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज निघाले, ते एका हायस्कुलाच्याच इमारतीत. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि त्या हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन ह्यांच्या विचारविनिमयातून ते जन्मास आले आणि आरंभी त्यात अवघे सहा विद्यार्थी होते. (महाराष्ट्रात ‘ज्युनिअर कॉलेज’ ह्या शब्दाने अकरावी-बारावीचा बोध होतो. अमेरिकेत मात्र तो बारावीच्या पुढील दोन वर्षांना उद्देशून वापरला गेला. पुढे त्याच संस्थांना कम्युनिटी कॉलेज हे नाव रूढ झाले.) त्यानंतर १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडीना शहराने अकरावी ते चौदावी अशी चार वर्षे एका छपराखाली आणून पाहिली. लिओनार्ड कूस ह्यांच्यासारख्या शिक्षणशास्त्रज्ञांनी त्या रचनेचा हिरिरीने पुरस्कार केला. पण १९५०च्या दशकात ती मोडीत निघाली. १९५१ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या द्रव्यसाहाय्याने बारा महाविद्यालयांनी साडेसोळा वर्षांच्या आतील निवडक मुलांना हायस्कूल पुरे होण्यापूर्वीच प्रवेश दिला. तो सर्वस्वी बुद्धिमंतांचा मेळा होता. कोरियाच्या युद्धामुळे तरुणांना सैन्यात जावे लागत होते, त्यापूर्वी त्यांचे काही उच्च शिक्षण व्हावे असाही एक हिशेब त्यामागे होता. ह्या साऱ्या प्रयत्नांत शाळा सोडून जाणाऱ्या मुलाचा विचार कोणाच्या मनाला शिवल्याचे दिसत नाही.

तो मुलगा प्रश्न म्हणून पुढे आला तो १९६०च्या सुमारास. त्याआधी अमेरिकेत शाळा सोडणारी मुले कमी होती असे मुळीच नाही. उलट ती पुष्कळच अधिक होती. परंतु कारखान्यात, शेतात, गोदीत त्यांना काम मिळे आणि त्यांच्याकडे पाहून कोणी चिंता करीत नसे. अंगमेहनतीची कामे आटत चालली तसा हायस्कुलाचा दाखला नसणे हा संसाराच्या वाटेवरील अडसर ठरू लागला. १९६१ मध्ये जेम्स कॉनंट ह्यांनी शहरांच्या गलिच्छ वस्त्यांतील शाळा आणि उपनगरांतील शाळा ह्यांची तुलना करणारे पुस्तक लिहिले. त्यात शाळेबाहेर आणि कामाबाहेर पडलेल्या तरुणांचा समूह हा समाजाला किती धोक्याचा आहे, हे त्यांनी कठोर शब्दांत मांडले. १९६३ च्या उन्हाळ्यात अध्यक्ष केनेडी ह्यांनी अशा मुलांना शाळेत परत आणण्याची मोहीम काढली. तरीही १९७० मध्ये सोळा ते चोवीस ह्या वयातील सुमारे १५ टक्के तरुण हायस्कूल पुरे न करता शाळेबाहेर होते. कृष्णवर्णीय तरुणांत हे प्रमाण जवळजवळ २८ टक्के होते. उपाय म्हणून जे काही योजले जाई त्याचे स्वरूप ठरलेले असे: सोपी पुस्तके, वेगळा वर्ग, उजळणी, हातकामाचे शिक्षण. मुलगा मागे पडला तर त्याच्यासाठी चाल मंद करावयाची, ह्यापलीकडे कल्पना जात नसे.

ह्या पार्श्वभूमीवर न्यूयॉर्क शहरात जे घडले त्याचे वेगळेपण उठून दिसते. शहराच्या क्वीन्स विभागात लाँग आयलंड सिटी नावाचा कारखान्यांचा भाग आहे. तेथे १९७१ मध्ये लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज सुरू झाले. त्याची मुख्य इमारत म्हणजे फोर्ड इन्स्ट्रुमेंट कंपनीचा जुना कारखाना होता. मोटारवाल्या फोर्डशी ह्या कंपनीचा संबंध नव्हता. युद्धनौकांवरील तोफांचा नेम साधून देणारी यंत्रे ती बनवीत असे. ज्या शहर विद्यापीठाचे हे महाविद्यालय घटक होते, त्याने आदल्याच वर्षी, म्हणजे १९७० मध्ये, शहरातील हायस्कूल उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकासाठी प्रवेश खुला केला होता. परिणामी ज्यांची पूर्वतयारी अत्यंत कच्ची आहे असे विद्यार्थी हजारोंच्या संख्येने महाविद्यालयांत आले. शाळेने काय केले नाही, हे प्राध्यापकांना आता वर्गात उभे राहून रोज दिसू लागले. मिडल कॉलेजची कल्पना ह्या अनुभवातून निघाली, हे ध्यानात घेतले पाहिजे. ती शाळाखात्याच्या कचेरीत सुचलेली नव्हती. महाविद्यालयात पोहोचलेल्या कच्च्या विद्यार्थ्यांकडे पाहणाऱ्या आणि त्याच वाटेवर गळून गेलेल्यांचा विचार करणाऱ्या अध्यापकांची ती कल्पना होती.

तिच्या प्रवर्तक जॅनेट लीबरमन ह्या लाग्वार्डियातील मानसशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे होते: सोळा ते वीस ह्या वयातील माणूस मानसिक वाढीच्या दृष्टीने एकाच टप्प्यात असतो, आणि त्याच्या मधोमध हायस्कूल व महाविद्यालय ह्यांची भिंत उभारणे हा केवळ प्रशासनाचा अपघात आहे. ही भिंत सुखवस्तू घरातील मुलगा सहज ओलांडतो, कारण पलीकडे काय आहे हे त्याने घरात पाहिलेले असते. ज्याच्या घरात कोणीही महाविद्यालयाचे तोंड पाहिलेले नाही त्याला ती भिंत क्षितिजासारखी वाटते. पलीकडे काही आहे ह्याचीच त्याला खात्री नसते. मग त्याला भिंतीच्या पलीकडेच का ठेवू नये? महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसणे, तेथील ओळखपत्र खिशात बाळगणे, वयाने थोड्या मोठ्या विद्यार्थ्यांबरोबर उपाहारगृहात जेवणे, ह्या गोष्टींचा परिणाम उपदेशाहून अधिक होईल, अशी त्यांची श्रद्धा होती. मराठीत ज्याला स्थानमाहात्म्य म्हणतात त्यावरच ही सारी उभारणी होती.

कार्नेगी कॉर्पोरेशन आणि उच्च शिक्षणाच्या सुधारणेसाठी नेमलेला संघराज्याचा निधी ह्यांनी तयारीसाठी पैसा दिला. सप्टेंबर १९७४ मध्ये दहावीच्या १२५ विद्यार्थ्यांनिशी मिडल कॉलेज हायस्कूल सुरू झाले. विद्यार्थी निवडताना शेजारच्या कनिष्ठ माध्यमिक शाळांतील मार्गदर्शकांना विचारण्यात आले आणि जे पुढे टिकणार नाहीत असे त्यांना वाटत होते तीच मुले मागून घेण्यात आली. सर्वसामान्यपणे नवी शाळा आपले नाव व्हावे म्हणून चांगली मुले वेचते. येथे ती रीत उलटी करण्यात आली, आणि पुढील इतिहास पाहता हाच ह्या प्रयोगाचा गाभा होता असे म्हणावे लागते. शाळा लहान ठेवण्यात आली. समुपदेशन हे अडीअडचणीला धावून जाण्याचे काम न मानता विद्यार्थ्यांच्या लहान गटांशी नियमित चालणाऱ्या बैठकांचे रूप त्याला देण्यात आले. शिक्षकांनीही केवळ विषय शिकवून मोकळे न होता काही विद्यार्थ्यांचे पालकत्व पत्करावे, अशी अपेक्षा होती. लाग्वार्डियाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास शिक्षणाचा भाग म्हणून काही काळ नोकरी करावी लागे. हायस्कुलातील मुलांनाही त्याच धर्तीवर रुग्णालये, शाळा, कचेऱ्या अशा ठिकाणी उमेदवारीस पाठविले जाई. तेथे वेतन मिळत नसे, श्रेयांक मिळत.

आज मागे वळून पाहताना एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. आरंभीच्या मिडल कॉलेजमध्ये प्रत्येक विद्यार्थी महाविद्यालयाचे विषय घेत होता, असे नव्हते. ज्याची तयारी झाली त्याला ती मुभा होती. पुष्कळांचा वेळ हायस्कुलाचेच विषय नीट पुरे करण्यात जाई. दुहेरी नोंदणीचे दार उघडे होते आणि ते रोज डोळ्यांसमोर होते. त्यातून आत जाणे सक्तीचे नव्हते. श्रेयांकांची बेरीज हे ध्येय पुढील काळाचे आहे. १९७४ च्या मुलांसाठी महाविद्यालयातील एखादा विषय उत्तीर्ण होणे हा प्रामुख्याने पुरावा होता, आणि तो इतरांना दाखविण्यापेक्षा स्वतःलाच पटविण्यासाठी अधिक उपयोगी होता.

शाळा एक आणि धनी दोन, हा ह्या संस्थेचा जन्मजात दोष म्हणावा की बळ, ह्याविषयी मतभेद होऊ शकतो. हायस्कूल शिक्षणमंडळाचे, जागा विद्यापीठाची. दोघांच्या शिक्षकसंघटना वेगळ्या, सेवाशर्ती वेगळ्या, वर्षाची आखणी वेगळी. त्यातच १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आले, शाळांतील हजारो शिक्षकांना कमी करण्यात आले आणि १९७६ मध्ये शहर विद्यापीठाने आपली जुनी विनाशुल्क शिक्षणाची परंपरा सोडून फी सुरू केली. अशा दिवसांत एक वर्षाची शाळा जगली हेच नवल. फी सुरू झाल्याचा एक अनपेक्षित परिणाम असा की, हायस्कुलात असताना फुकट मिळणाऱ्या महाविद्यालयीन श्रेयांकांना आता रोख मोल आले. १९८५ मध्ये त्याच आवारात दुसरी शाळा निघाली, ती इंटरनॅशनल हायस्कूल. नुकत्याच देशात आलेल्या, इंग्रजी तोडकेमोडके येणाऱ्या आणि म्हणूनच गळतीच्या तोंडी असलेल्या मुलांसाठी ती होती. स्थलांतरितांच्या शिक्षणात तिने घालून दिलेला पाठ हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१९८०च्या दशकात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने हा नमुना इतर शहरांत नेण्यात आला, आणि येथे इतिहासाला एक अडचणीचे वळण मिळते. सिॲटल शहरातील मिडल कॉलेज हायस्कूलचे मूल्यमापन काटेकोर पद्धतीने झाले. अर्जदारांपैकी काहींना सोडत काढून प्रवेश देण्यात आला, इतरांना तो मिळाला नाही, आणि दोन्ही गटांचा पुढील काळात माग ठेवण्यात आला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शाळा सोडण्याच्या किंवा दाखला मिळविण्याच्या प्रमाणात दोन गटांमध्ये दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. ह्या प्रयोगाचे पुरस्कर्ते हा निष्कर्ष क्वचितच उल्लेखितात. सिॲटलच्या मुलांचे प्रश्न अधिक बिकट होते. अनेकजण आधीच शाळा सोडून गेलेले होते. सोडतीत वगळलेल्यांनाही शहरात दुसऱ्या पर्यायी शाळा उपलब्ध होत्या, असेही म्हणता येईल. परंतु स्थानमाहात्म्यावरच भिस्त ठेवली तर ते अपुरे पडते, एवढे ह्यावरून मान्य करणे भाग आहे. महाविद्यालयाच्या आवारात वर्ग भरविला म्हणजे तेथील हवेचा गुण आपोआप लागतो असे नाही. क्वीन्समध्ये त्या जागेबरोबर समुपदेशनाचा गट, उमेदवारी आणि ओळखीचा शिक्षक हेही होते. ह्यांपैकी नेमक्या कशाने मुले टिकली, हे वेगळे काढून दाखविणारे मूल्यमापन आरंभीच्या वर्षांत झाले नाही, ही ह्या इतिहासातील मोठी उणीव होय.

दरम्यान पहिला प्रवाह, म्हणजे हुशारांचा, कायद्याचे पाठबळ मिळवून पुढे सरसावला होता. मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये, गव्हर्नर रूडी पर्पिच ह्यांच्या पुढाकाराने, अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांस सरकारी खर्चाने महाविद्यालयात शिकण्याचा हक्क दिला. शाळांना स्पर्धा लागावी हा त्यामागील हेतू उघड होता. कायदा सर्वांसाठी होता. पण प्रवेश देणे महाविद्यालयांच्या हाती होते आणि त्यांनी उंबरठा घातला: राज्याच्या महाविद्यालयांत अकरावीचा विद्यार्थी वर्गातील वरच्या तृतीयांशात आणि बारावीचा वरच्या अर्ध्यात असला पाहिजे. मागे पडलेल्या मुलांसाठी त्या राज्याला दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, निराळा कायदा करावा लागला. फ्लॉरिडाने श्रेणीच्या चार गुणांच्या मोजणीत सरासरी तीनची अट ठेवली. अशा अटींना अन्यायकारक म्हणणे सोपे आहे. पण महाविद्यालयाची बाजूही समजून घेतली पाहिजे. नापास झालेल्या विषयाची नोंद विद्यार्थ्याच्या महाविद्यालयीन इतिहासात कायमची राहते, आणि सोळाव्या वर्षी पडलेला तो डाग पुढे शिष्यवृत्तीच्या आड येऊ शकतो. अटींचा परिणाम मात्र एकच झाला. ज्या दारातून १९७४ मध्ये गळू पाहणारा विद्यार्थी आत आला होता, त्या दारावर आता गुणपत्रिका तपासली जाऊ लागली.

किती तपासली जाऊ लागली हे संघराज्याच्या शिक्षण-सांख्यिकी केंद्राने २००२-०३ ह्या वर्षासाठी केलेल्या पाहणीत दिसते. त्या एका वर्षात सुमारे ८ लाख १३ हजार हायस्कूल-विद्यार्थ्यांनी महाविद्यालयीन विषय घेतले. ज्या संस्थांचे दुहेरी नोंदणीचे रीतसर कार्यक्रम होते त्यांपैकी केवळ ५ टक्के संस्थांनी गळतीच्या तोंडी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी खास कार्यक्रम ठेवला होता आणि त्यांत सुमारे ६,४०० विद्यार्थी होते. शंभरांत एकही नाही.

ह्याच सुमारास, २००२ मध्ये, गेट्स फाउंडेशनने कार्नेगी, फोर्ड आणि केलॉग ह्या संस्थांसह ‘अर्ली कॉलेज हायस्कूल’ नावाची मोठी योजना हाती घेतली. गरीब, अल्पसंख्य आणि घराण्यात प्रथमच महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांना चार-पाच वर्षांत हायस्कुलाचा दाखला आणि त्याबरोबर दोन वर्षांपर्यंतचे महाविद्यालयीन शिक्षण मिळावे, हा तिचा उद्देश होता. दहा वर्षांत अशा दोनशेंहून अधिक शाळा झाल्या. क्वीन्सचे मिडल कॉलेजही ह्याच साच्यात आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोडतीवर आधारित अभ्यासात ह्या शाळांतील ८६ टक्के विद्यार्थ्यांनी हायस्कूल पुरे केले. सोडतीत वगळलेल्यांत हे प्रमाण ८१ टक्के होते. अभ्यासाच्या काळात महाविद्यालयाची पदवी वा पदविका मिळविणारे एका बाजूस २२ टक्के, दुसऱ्या बाजूस २ टक्के. दुसरा आकडा डोळे दिपवतो आणि तोच सर्वत्र उद्धृत केला जातो. विचार करावयास लावणारा आकडा मात्र ८१ चा आहे. ज्यांना प्रवेश मिळाला नाही अशांपैकीही पाचांत चार मुले हायस्कूल पुरे करीत असतील, तर ती १९७४ च्या अर्थाने गळतीच्या काठावरची मुले नव्हेत. ती गरीब होती, आणि अर्ज भरून सोडतीची वाट पाहणारी होती. त्यांचे कल्याण झाले ही आनंदाची गोष्ट आहे. पण मूळ प्रयोगाने ज्याला हाक मारली होती तो अर्ज भरणाराच नव्हता. त्याच्यासाठी मार्गदर्शकाकडे जाऊन नाव विचारावे लागले होते.

त्या मुलाकडे पुन्हा वळणारे दोन प्रयत्न येथे नोंदविले पाहिजेत. ओरेगन राज्यात पोर्टलंड कम्युनिटी कॉलेजने २००० मध्ये ‘गेटवे टु कॉलेज’ हा कार्यक्रम सुरू केला. सोळा ते वीस वर्षांच्या, शाळा सोडलेल्या वा सोडण्याच्या बेतात असलेल्या तरुणांसाठी तो होता. पहिल्या सत्रात एका लहान तुकडीने वाचन, लेखन, गणित आणि अभ्यासाच्या सवयी एकत्र शिकावयाच्या आणि त्यानंतर महाविद्यालयाच्या सर्वसाधारण वर्गांत मिसळून जावयाचे, अशी त्याची रचना होती. सिॲटलचा धडा जणू येथे गिरविला गेला: जागेआधी तुकडी आणि तिला धरून ठेवणारा माणूस ह्यांची तजवीज करण्यात आली. हाही नमुना पुढे इतर राज्यांत पसरला.

दुसरा प्रयत्न टेक्सस राज्याच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगत, फार–सान वान–अलामो ह्या तीन गावांच्या शाळाजिल्ह्यातील आहे. तेथील बहुसंख्य कुटुंबे स्पॅनिश भाषिक मूळाची आणि गरीब. शेजारच्या हिडाल्गो जिल्ह्यात सर्वच मुलांसाठी अर्ली कॉलेज चालविण्याचा प्रयत्न करून पाहिलेले डॅनिएल किंग २००७ मध्ये येथे शाळाप्रमुख म्हणून आले. तेव्हा वर्षाकाठी शेकडो मुले दाखल्याविना शाळा सोडत होती. त्यांपैकी पुष्कळांचे एक-दोन विषय किंवा राज्याची अंतिम परीक्षा एवढेच राहिलेले असे. त्यांना पुन्हा हायस्कुलाच्या बाकावर बसण्याचा संकोच होता. किंग ह्यांनी त्यांना शाळेत परत बोलावलेच नाही. हायस्कूल राहून गेले असेल तर महाविद्यालय सुरू करा, असे आमंत्रण फलकांवर लिहिले गेले आणि शाळेची माणसे घरोघर गेली. वॉलमार्टच्या रिकाम्या झालेल्या दुकानात ही नवी शाळा भरविण्यात आली. सव्वीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना तीत घेण्यात आले. राहिलेले विषय ते तेथे पुरे करीत आणि हायस्कुलाचा दाखला हाती पडण्यापूर्वीच साउथ टेक्सस कॉलेजचे विषय, विशेषतः धंदेशिक्षणाचे, घेऊ लागत. क्वीन्समधील तोफयंत्रांच्या कारखान्याप्रमाणे ही जागाही शाळेसाठी बांधलेली नव्हती. फरक इतकाच की, १९७४ मध्ये शाळा सुटू नये म्हणून महाविद्यालय जवळ आणले होते. येथे शाळा सुटून काही वर्षे लोटलेल्या, कधीकधी कडेवर मूल असलेल्या विद्यार्थ्याला तेच निमंत्रण उशिरा, पण नावानिशी, घराच्या दारात पोहोचविण्यात आले.